लिफ्टच्या पुढची पायरी

दिंडोशी मेट्रो स्थानक पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या मध्यभागी, खांबांवर उभे आहे. मेट्रो ७ या मार्गिकेचा दहिसर पूर्व ते आरे हा टप्पा २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये गाडी पुढे गुंदवलीपर्यंत, म्हणजे अंधेरीच्या दारापर्यंत, जाऊ लागली. या स्थानकात लिफ्टने वर जाता येते. पिवळ्या, उठावाच्या फरशा पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला वाट दाखवतात. फलाटाच्या कडेला अर्ध्या उंचीची दारे आहेत आणि गाडीची फरशी फलाटाच्या पातळीत येऊन थांबते. चाकाच्या खुर्चीतल्या प्रवाशाला उचलावे लागत नाही. जून २०१४ मध्ये वर्सोवा–घाटकोपर मेट्रो धावू लागेपर्यंत मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीत हे जवळपास कोठेच शक्य नव्हते.

तरीही दिंडोशीतल्या अपंग रहिवाशाचा प्रवासाचा प्रश्न या स्थानकाने निम्माच सोडवला. उरलेला निम्मा लिफ्टच्या दारापर्यंत पोहोचण्यात आहे.

दिंडोशी ही उताराची वस्ती. महामार्गाच्या पूर्वेला आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराकडे जमीन चढत जाते आणि त्या चढावर चाळी, झोपड्या, पुनर्वसनाच्या इमारती, मोठी गृहसंकुले अशी सगळी मुंबई दाटीने बसलेली आहे. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या नागरी निवारा परिषदेची वसाहतही येथेच. गोरेगावला पाण्यासाठी, घरांसाठी, महागाईविरुद्ध लढण्याची सवय फार जुनी आहे. ‘पाणीवाली बाई’ हे मृणालताईंचे नाव याच मातीतले. गोरेगाव किंवा मालाडचे रेल्वे स्थानक येथून तीन-चार किलोमीटरवर. मेट्रो येण्याआधी बेस्टची बस किंवा शेअर रिक्षा यांखेरीज तेथे जायचा मार्ग नव्हता, आणि लोकल गाठणाऱ्या बहुतेकांना तो आजही तसाच आहे. सशक्त माणसाला हा प्रवास कंटाळवाणा वाटतो. कुबडीवर चालणाऱ्याला, कॅलिपर लावणाऱ्याला किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्याला त्यात किमान पाच-सहा ठिकाणी अडायला होते, आणि त्यातले एक ठिकाण जरी ओलांडता आले नाही तरी बाकीची सोपी असून उपयोग नसतो.

‘अपंग’ या शब्दाविषयी थोडे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि पुढे तो सरकारी मराठीतही रूढ झाला. महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र खाते काढले, त्याचे नावही दिव्यांग कल्याण विभाग असेच आहे. चळवळीतल्या अनेकांना हा शब्द मानवला नाही. शरीरात दैवी काही नाही, अडचण रस्त्यात आहे, असे त्यांचे म्हणणे. लोकलच्या गर्दीत मात्र दोन्ही शब्द मागे पडतात. तेथे सगळे ‘हँडिकॅप डबा’ असेच म्हणतात. या लेखात अपंग हाच साधा शब्द ठेवला आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के; त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार. हा आकडा कमीच धरावा लागतो, कारण त्या गणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार होते आणि २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. दुसरी गोष्ट अशी की सुगम प्रवास म्हटले की सर्वांच्या डोळ्यांपुढे व्हीलचेअर येते; पण याच गणनेत हालचालीचे अपंगत्व असलेले जेमतेम एकपंचमांश होते. दृष्टीचे आणि श्रवणाचे अपंगत्व असलेले जवळजवळ तितकेच. अंध प्रवाशाला पायरी अडवत नाही, न बोलणारी बस अडवते. कर्णबधिर प्रवाशाला गाडी ऐन वेळी दुसऱ्या फलाटावर गेल्याची घोषणाच पोहोचत नाही. वृद्ध, गरोदर स्त्रिया, पाय मोडून प्लास्टरमध्ये असलेले, लहान मूल कडेवर घेतलेले, हे सगळे जनगणनेच्या रकान्याबाहेरचे. पण त्याच पायरीपाशी अडणारे.

कायद्याची बाजू आधी पाहावी लागते, कारण सुगम प्रवासाच्या मोहिमेची बरीचशी शक्ती कायद्यात लिहिलेले रस्त्यावर उतरवून घेण्यात गेली आहे. ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आलेल्या अपंग व्यक्ती अधिनियमाची ४४ आणि ४५ ही कलमे वाहतूक आणि रस्त्यांविषयीची होती. रेल्वेचे डबे, बसगाड्या, जहाजे, विमाने सहज चढता येतील अशी करावीत. पदपथांना उतार द्यावेत. सिग्नलला आवाज असावा. झेब्रा पट्ट्यांवर आणि फलाटांच्या कडांवर अंधांना कळतील अशा खुणा कोराव्यात, इतक्या तपशिलात ते लिहिले होते. पण आरंभीच एक अट होती: आर्थिक कुवत आणि विकासाच्या मर्यादेत. पुढची वीस वर्षे या अटीने कलमावर मात केली. १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली, त्यानंतर नवा कायदा अटळ झाला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे कलम ४१ बसथांबे, रेल्वे स्थानके, विमानतळ, तिकीट खिडक्या, स्वच्छतागृहे आणि रस्ते यांना हात घालते. जुनी वाहने सुधारण्याविषयीही ते बोलते, पण तंत्रदृष्ट्या शक्य असेल, परवडत असेल आणि रचनेत मोठा बदल करावा लागणार नसेल तर. जुन्या कायद्यातली पळवाट नव्या कायद्यात रुंदीने कमी झाली, बुजली नाही.

रेल्वेकडे वळले की मुंबईचा खरा प्रश्न समोर येतो. उपनगरी गाड्यांतून रोज सुमारे ७५ लाख प्रवास होतात. बारा डब्यांच्या लोकलमध्ये अपंगांसाठी दोन छोटे कप्पे राखून ठेवलेले असतात. ते जेथे थांबतात तेथे फलाटावर खूण असते आणि अंध प्रवाशांना जागा कळावी म्हणून एक यंत्र सतत ‘पीप’ असा आवाज काढत असते. मुंबईकरांपैकी निम्म्यांनी तो आवाज ऐकला असेल. तो कशासाठी आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. हा कप्पा मिळणे ही अपंग प्रवाशांची आणि त्यांच्या संघटनांची मोठी कमाई होय. गरोदर स्त्रियांना आणि कर्करोगाच्या रुग्णांनाही त्यातून प्रवासाची मुभा आहे. पण राखीव कप्पा म्हटला की घुसखोरी आलीच. गर्दीच्या वेळी धडधाकट प्रवासी त्यात शिरतात, रेल्वे सुरक्षा दल अधूनमधून मोहीम काढून रेल्वे कायद्याच्या १५५ व्या कलमाखाली दंड करते, आणि दुसऱ्या दिवशी तेच. त्यातून आणखी एक त्रास जन्मतो. ज्याचे अपंगत्व दिसत नाही, त्याच्याकडे इतर अपंग प्रवासीच संशयाने पाहतात आणि कार्ड मागतात. टंचाई असली की वंचित माणसे एकमेकांची तपासणी करू लागतात.

कप्प्यापर्यंत पोहोचणे हे त्याहून अवघड. मुंबईतली जुनी स्थानके पादचारी पुलांवर चालतात आणि पूल म्हणजे जिने. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर नवे पूल, सरकते जिने आणि लिफ्ट यांची कामे वेगाने निघाली. त्या दुर्घटनेत मेलेली माणसे अपंग म्हणून मेली नव्हती. पण त्यांच्या मरणातून जी बांधकामे झाली त्यांचा फायदा अपंगांना झाला. मोहिमांच्या इतिहासात असे पुष्कळदा घडते. सरकता जिना मात्र चाकाच्या खुर्चीच्या काहीच कामाचा नसतो आणि अंध माणसाला तो भीतीचा वाटतो. लिफ्ट हाच खरा उपाय, आणि लिफ्टची खरी परीक्षा ती बंद पडते त्या दिवशी होते. तीन मिनिटांत पोहोचणारा प्रवासी त्या दिवशी कुठेच पोहोचत नाही.

फलाटाच्या उंचीची कथाही अशीच आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात सोळा वर्षांची एक विद्यार्थिनी फलाट आणि डबा यांच्या मधल्या फटीत पडली आणि तिने दोन्ही हात गमावले. शहर हादरले, उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि ७६० ते ८४० मिलिमीटर उंचीचे फलाट ९०० मिलिमीटरच्या वर नेण्याचे काम सुरू झाले. काम झाले, तरी फलाट आणि डब्याची फरशी यांत वीतभर चढ आणि थोडी फट उरतेच. गाडी वीस-तीस सेकंद थांबते. एवढ्या वेळात व्हीलचेअर स्वतःच्या बळावर चढवणे जमत नाही. दोघा-तिघांनी उचलले तरच. म्हणून लोकलच्या अपंग कप्प्यात कुबड्या दिसतात, पांढऱ्या काठ्या दिसतात, व्हीलचेअर क्वचितच दिसते. राखीव कप्प्यावर चित्र मात्र व्हीलचेअरचेच असते.

रेल्वेशी सर्वांत चिवटपणे भांडलेल्या माणसांत समीर झवेरी यांचे नाव घ्यावे लागते. १९८९ मध्ये रेल्वे अपघातात त्यांचे दोन्ही पाय गेले. माहिती अधिकाराचे अर्ज आणि जनहित याचिका ही त्यांची साधने. स्थानकांवर तातडीच्या उपचारांचे कक्ष असावेत, रुग्णवाहिका असाव्यात, जखमीला वेळेत हलवावे, या मागण्या त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात लावून धरल्या आणि बऱ्याच पदरात पाडून घेतल्या. अपंग होऊच नये याची व्यवस्था हाही सुगम प्रवासाचाच भाग आहे, हे त्यांच्या कामाने दाखवले.

लांब पल्ल्याच्या गाड्यांचा प्रश्न विराली मोदी यांनी ऐरणीवर आणला. त्या व्हीलचेअर वापरतात, मुंबईत राहतात. डब्याचे दार अरुंद, पायऱ्या उभ्या, त्यामुळे हमालांनी उचलून चढवायचे, आणि त्या उचलण्यात हमालांनीच केलेला विनयभंग सोसायचा, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. २०१७ मध्ये त्यांनी मांडलेल्या मागणीला लाखोंच्या संख्येने सह्या मिळाल्या. एर्नाकुलम स्थानकाने हलवता येणारे उतार आणि डब्यात शिरणाऱ्या घडीच्या खुर्च्या ठेवल्या, पुढे इतर काही स्थानकांनी. याच विराली मोदींना ऑक्टोबर २०२३ मध्ये खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात, लिफ्ट नसल्याने, दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले. उपमुख्यमंत्र्यांनी त्यांची माफी मागितली.

उचलून नेणे. मराठी समाजाला यात फारसे वावगे वाटत नाही, उलट ते माणुसकीचे लक्षण वाटते. चार हात पुढे होतात, कोणी पाणी देतो, कोणी ‘सांभाळून’ म्हणतो. त्या चांगुलपणावर शंका घेण्याचे कारण नाही. पण रोज नोकरीला जाणाऱ्या माणसाने रोज चार हात कोठून आणायचे? कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात अपंग माणसाच्या स्वावलंबनाचा जो विषय मराठी वाचकांसमोर ठेवला, त्याच्या मुळाशी हाच फरक आहे: मदत मिळणे वेगळे आणि मदतीवाचून जाता येणे वेगळे. मोहीम दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. दयेची सोय पाहुण्यापुरती होते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले, मुंबईतही राहिले. दिल्लीत त्यांच्यासाठी कुतुबमिनारसह चार स्मारकांवर लाकडी उतार घातले गेले. जावेद अबिदी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तेव्हाच विचारले की देशातल्या व्हीलचेअरवाल्यांनी यासाठी आधी कृष्णविवरांवर संशोधन करायचे काय.

आंदोलनाच्या पद्धतींत मुंबई आणि जगातील इतर शहरे यांत एक ठळक फरक दिसतो. अमेरिकेत डेन्व्हर शहरात ५ जुलै १९७८ रोजी एकोणीस अपंग माणसे भर चौकात बसगाड्यांपुढे आडवी झाली आणि रात्रभर तेथेच राहिली. बसला लिफ्ट हवी, एवढीच मागणी. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेचे नाव ‘अडॅप्ट’; बारा वर्षांनी, १९९० मध्ये, अमेरिकेच्या अपंग हक्क कायद्याने नव्या सगळ्या सार्वजनिक बसगाड्या सुगम असणे सक्तीचे केले. योगायोगाने मुंबईतही ‘अडॅप्ट’ आहे, पण तिचा जन्म वेगळा. मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाने पुढे हे नाव घेतले. शाळा आणि उपचार यांपासून निघालेली ही संस्था हक्कांच्या भाषेपर्यंत आली ती त्यांच्या कन्या मालिनी चिब यांच्यासारख्या, स्वतः अपंग असलेल्या कार्यकर्त्यांमुळे. २०१२ मध्ये अपंग कार्यकर्त्या जीजा घोष यांना विमानातून उतरवण्यात आले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात त्यांच्यासोबत दुसरी याचिकाकर्ती हीच संस्था होती. मे २०१६ मध्ये न्यायालयाने विमान कंपनीला दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

मुंबईत रास्ता रोको नवीन नाही. तरी अपंगांनी बस अडवल्याचे चित्र येथे रूढ झाले नाही, आणि त्याचे कारण भित्रेपणा नव्हे. रस्ता अडवायला आधी रस्त्यापर्यंत पोहोचावे लागते. अर्ज, सह्या, न्यायालय आणि पाहणी अहवाल हेच येथले हत्यार राहिले.

बसचे गणित उंचीचे आहे. केंद्र सरकारच्या शहरी बसच्या विनिर्देशांत फरशीच्या तीन उंच्या आहेत: ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. ४०० ची बस थांब्याच्या कट्ट्याला भिडली की आखूड उतारावरून व्हीलचेअर आत जाते. ९०० च्या बसला दोन-तीन उभ्या पायऱ्या लागतात आणि संधिवाताचे गुडघेही तेथे हरतात. परिवहन संस्था कमी उंचीच्या बसविरुद्ध नेहमी दोन कारणे देतात: ती महाग पडते, आणि पावसात तुंबलेल्या रस्त्यांवर, गतिरोधकांवर तिचे पोट घासते. मुंबईत दुसरे कारण अगदीच खोटे नाही. पण हेच कारण चेन्नईतही सांगितले गेले, मद्रास उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे त्यावर वाद झाला, आणि अखेर तेथील रस्त्यांवर कमी उंचीच्या बसगाड्या आल्या. पाणी तर चेन्नईतही तुंबते.

बेस्टची बस १५ जुलै १९२६ रोजी पहिल्यांदा धावली. अपंगांना पुढच्या दाराने चढण्याची सवलत, राखीव आसने या गोष्टी तिने बऱ्याच आधी दिल्या. दीड दशकापूर्वी साडेचार हजारांच्या वर असलेला ताफा आता तीन हजारांच्याही खाली आला आहे आणि त्यातला मोठा भाग कंत्राटदारांच्या मालकीचा, भाड्याने घेतलेला आहे. सुगमतेवर याचा परिणाम दुहेरी होतो. नव्या विजेच्या गाड्यांत खालच्या फरशीच्या गाड्या आल्या, ही जमेची बाजू. पण चालक कंत्राटदाराचा, वाहक बेस्टचा, गाडी तिसऱ्याच्या नावावर. मग उतार उघडून देण्याचे काम कोणाचे, ते शिकवायचे कोणी, न उघडल्यास दाद कोणाकडे, हे प्रवाशाला कळत नाही. २०१९ नंतर आलेल्या छोट्या मिनी गाड्या अरुंद दारांच्या होत्या. केंद्राने मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती करून १ मार्च २०२० पासून नव्या बसगाड्यांत राखीव आसने, कुबडी-काठी ठेवण्याची जागा, आधाराचे दांडे, व्हीलचेअर चढवण्याची, अडकवण्याची सोय अनिवार्य केली. कागदावर बस सुधारली. दिंडोशीला बेस्टचे स्वतःचे आगार आहे, तेव्हा येथल्या प्रवाशाला ही नवी गाडी सर्वांत आधी भेटायला हरकत नसावी.

आणि तरीही थांबा आड येतो. बस कट्ट्याला लागली तरच तिचा उतार कामाचा. थांब्यापुढे दुचाकी उभ्या असतील, रिक्षांची रांग असेल, तर बस मधल्या मार्गिकेत थांबते आणि प्रवाशाला रस्त्यात उतरून तिच्याकडे जावे लागते. कट्ट्याने वाचवलेली उंची तेव्हा पुन्हा चढावी लागते. हे बसचे अपयश नाही, वाहतूक पोलिसांचे आणि महापालिकेचे आहे. पण तक्रार बेस्टकडे जाते.

पदपथाची गोष्ट सर्वांत लाजिरवाणी, कारण ती सर्वांत स्वस्तात सुटणारी आहे. एकास बारा हे उताराचे प्रमाण, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, बांधकामाच्या कोणत्याही संहितेत सापडते. प्रत्यक्षात पदपथ प्रत्येक सोसायटीच्या फाटकापाशी तुटतो, पुन्हा नऊ इंच चढतो, पुन्हा तुटतो. पेव्हर ब्लॉक एक पावसाळा बसतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात उठतात. अंधांसाठीच्या पिवळ्या फरशा, ज्यांची कल्पना जपानच्या सेइइची मियाके यांनी साठच्या दशकात काढली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवली गेली, त्या मुंबईत कधी थेट झाडाच्या बुंध्याकडे तर कधी विजेच्या पेटीकडे नेतात. फरशी बसवणाऱ्याला ती कशाची आहे हे कोणी सांगितलेलेच नसते. त्याच्या लेखी ती नक्षी असते.

या साऱ्यात लोखंडी खांबांनी भर घातली. पदपथावर दुचाकी चढू नयेत म्हणून महापालिकेने ते रोवले, आणि अनेक ठिकाणी त्यांच्यामधली जागा व्हीलचेअरच्या रुंदीपेक्षा कमी ठेवली. दुचाकीवाला वळसा घालून रस्त्यावरून जातो. व्हीलचेअरवाल्यालाही मग रस्त्यावरूनच जावे लागते, भरधाव गाड्यांच्या बाजूने. २०२३ मध्ये शिवाजी पार्क भागातल्या एका तरुण व्हीलचेअर वापरकर्त्याने मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना ईमेलने हे कळवले. न्यायालयाने त्याचीच स्वतःहून जनहित याचिका करून घेतली. महापालिकेला खांबांतली अंतरे वाढवण्याची, चुकीचे खांब काढण्याची हमी द्यावी लागली आणि अपंगांविषयीचे राज्य सल्लागार मंडळ निष्क्रिय पडल्याचेही याच सुनावणीत उघड झाले. एका ईमेलने इतके झाले. कौतुकाची गोष्ट खरी. पण पदपथावरच्या दोन खांबांतली फूटभर जागा रुंद करायला राज्याच्या मुख्य न्यायमूर्तींना वेळ द्यावा लागतो, हेही त्यात आले.

उरतात रिक्षा आणि स्वतःचे वाहन. घडीची व्हीलचेअर रिक्षात पायांपुढे आडवी ठेवता येते. विजेवर चालणारी खुर्ची घडी होत नाही, त्यामुळे ती वापरणाऱ्याला रिक्षा बाद. पोलिओ झालेल्या पिढीने यावर आपला उपाय काढला, मागे दोन चाके जोडलेली स्कूटर. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत तीच बस, तीच लोकल. दिंडोशीच्या चढावर ती स्कूटर पुष्कळ कामाची असते, पण स्थानकाजवळ लावायला जागा हवी. खुर्चीसकट आत घेणाऱ्या खासगी गाड्या मुंबईत मिळतात, भाडे मात्र रोजच्या नोकरीला परवडणारे नसते.

आता पुन्हा मेट्रोच्या लिफ्टपाशी येता येईल. मेट्रोत हे सगळे जमले, कारण ते नकाशातच होते. लिफ्टची जागा, फाटकाची रुंदी, फलाटाची पातळी या गोष्टी पाया खणण्याआधी ठरल्या, तेव्हा त्यांचा वेगळा खर्च फारसा दिसला नाही. जुन्या स्थानकात लिफ्ट घालायची तर पूल तोडावा लागतो. १ मे २०२३ पासून मेट्रो २अ आणि ७ वर अपंगांना भाड्यात २५ टक्के सवलत आहे. तिचे स्वागत करावे, पण ती दुय्यम. ज्याला स्थानकात येता येत नाही त्याला शंभर टक्के सवलत दिली तरी हिशेब शून्यच.

अडचण सांध्यांत आहे. स्थानक महामुंबई मेट्रोचे. ज्या महामार्गावर ते उभे आहे तो २०२२ च्या अखेरीस मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून महापालिकेकडे आला. सेवारस्ता आणि पदपथ महापालिकेचे, थांबा बेस्टचा, रिक्षा परिवहन विभागाच्या परवान्याची, सिग्नलचे वेळापत्रक वाहतूक पोलिसांचे, पुढचे रेल्वे स्थानक पश्चिम रेल्वेचे. प्रत्येकाने आपल्या हद्दीत नियम पाळला तरी हद्दीच्या रेषेवर नऊ इंचांची पायरी उरू शकते, आणि ती कोणाचीच नसते. मुंबईतल्या सुगम प्रवासाच्या मोहिमेने आजवर डबा मागितला, आसन मागितले, सवलत मागितली आणि ती मिळवलीही. ही मागणी एका खात्याकडे करता येत होती. घरापासून कामापर्यंत सलग वाट ही मागणी कोणत्या खात्याच्या खिडकीवर द्यायची, हे अजून ठरलेले नाही.

न्यायालयांनी मात्र भूमिका कडक केली आहे. राजीव रतुरी या दृष्टिबाधित कार्यकर्त्याने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. १५ डिसेंबर २०१७ च्या निकालाने सार्वजनिक इमारती आणि वाहतूक सुगम करण्यासाठी मुदती घालून दिल्या. त्या उलटून गेल्या. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. कायदा सुगमतेचे नियम बंधनकारक मानतो आणि सरकारचे पंधरावे नियमकलम मात्र केवळ मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवते, ही विसंगती दाखवून ते नियमकलम कायद्याशी विसंगत ठरवले गेले. जे पाळलेच पाहिजे आणि जे हळूहळू सुधारत न्यायचे, ते वेगळे करून सक्तीचे नियम तीन महिन्यांत करावेत, असा आदेश झाला. कायद्याच्या ४४ व्या कलमाप्रमाणे सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या बांधकामाला परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही, आणि ८९ व्या कलमाप्रमाणे पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत, पुढच्यांना पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे. मुंबईच्या अर्थसंकल्पापुढे ही रक्कम किरकोळ आहे. दाखला अडवण्याचा अधिकार त्याहून कितीतरी मोठा.

तो अधिकार वापरायची संधी दिंडोशीत सध्या डोळ्यांपुढे आहे. गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचा पश्चिमेकडचा भाग येथूनच निघतो. दिंडोशी न्यायालयापासून चित्रनगरीकडे उड्डाणपूल आणि पुढे डोंगराखालून जुळे बोगदे, असा तो मार्ग आहे. या कामात खालचा रस्ता, पदपथ, बसथांबे आणि ओलांडण्याच्या जागा नव्याने आखल्या जातात. काँक्रीट ओतण्याआधी उतार काढायला काही लागत नाही, नंतर फोडावे लागते. येथल्या रहिवाशांनी, सोसायट्यांनी आणि नागरी निवाऱ्यासारख्या वसाहतींनी हे नकाशे आताच मागून पाहावेत. चुकीची पायरी आढळली तर महापालिकेच्या विभाग कार्यालयाला लिहावे आणि त्याच पत्राची प्रत पुण्याला, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पाठवावी. साधा अर्ज चालतो, वकील लागत नाही.